मण्यांचा आवाज ऐकू येईल असा कॉम्प्रेसर

माडीवरून,
४ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्या बंधूस अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी तुझ्या पत्नीने, आपल्या धाकटीने, सकाळच्या चहाच्या बशीखाली ठेवून वर आणली. एका घरात राहून, मधे अवघा एक जिना असताना, भावाभावांनी पत्रे लिहावीत याचे तुला हसू येते असे तू लिहितोस. येऊ दे. तुझी वहिनी गेल्यावर मी वर्षभराच्या मौनाचा संकल्प केला आणि तो सप्टेंबरात पूर्ण होईल. माझ्या पाटीवर पाचसहा शब्दांहून अधिक मावत नाहीत, आणि तुझा विषय तेवढ्यात आटोपणारा नाही.

वर्कशॉपच्या मालकाने कुलूप लावले आणि ज्या हातांनी तू हयातभर गाड्या रंगवल्यास ते हात आता मांडीवर पडून आहेत, हे वाचून वाईट वाटले. रिकामे हात मनाला खातात. तेव्हा खालचे गॅरेज तू कामासाठी घ्यावेस, माझी ना नाही. तिथल्या माझ्या पोथ्यांच्या पेट्या जिन्याखाली हलवाव्यात. हलवणाऱ्याने आधी हात धुवावेत.

शंका एकच आहे. ‘कॉम्प्रेसर बसवावा लागेल’ असे एका ओळीत लिहून तू पुढे निघून गेला आहेस. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे असे एक यंत्र आहे. ते सुरू झाले की मला माझ्या माळेचे मणी ऐकू येईनासे होतात, आणि ते आपल्यापासून चार घरे दूर आहे. तुझे यंत्र तर माझ्या आसनाच्या बरोबर खाली असणार. त्याची जात, स्वभाव आणि आवाज यांविषयी सविस्तर लिही.

तुझा,
दादा

*

खालून,
५ फेब्रुवारी

ती. दादांस साष्टांग नमस्कार.

गॅरेज दिलंत, जीव भांड्यात पडला. पेट्या कालच हलवल्या. हात धुतले होते. हिने शेजारी उभं राहून धुवून घेतले, दोनदा.

आता कॉम्प्रेसर. यंत्र साधं आहे. मोटर फिरते, पिस्टन बाहेरची हवा ओढतो आणि टाकीत कोंबतो. टाकीतून निघते नळी, नळीच्या टोकाला रंगाची गन. हवेच्या जोरावर रंगाचं धुकं होतं आणि ते पत्र्यावर जाऊन बसतं. माझं सगळं कसब त्या धुक्यावर. ते एकसारखं आलं तर पत्र्याचा आरसा होतो, मधेच दमलं तर वाळू टाकल्यासारखं दिसतं.

बाजारात दोन तऱ्हा आहेत. एक छोटा, बिनातेलाचा, मांजरासारखा गुरगुरतो. चाकात हवा भरायला, धूळ उडवायला छान. दुसरा पट्ट्यावर चालणारा, दोन सिलिंडरचा, दीडएकशे लिटरच्या टाकीचा. तो आवाज करतो. खोटं बोलून मला गॅरेज घ्यायचं नाही, म्हणून आधीच सांगतो. पण अख्खी गाडी रंगवायची तर तोच लागतो. गन हवा घोट घोट पीत नाही, घटाघटा पिते. छोट्याला तेवढी पुरवता येत नाही.

आवाजाचं मी बघतो. खाली जाड रबर घालीन, भोवती विटांची आडभिंत उभी करीन. तुमचं सकाळचं वाचन आटोपल्यावर सुरू करीन, दिवेलागणीच्या आत बंद.

पहिलं काम ठरल्यातच जमा आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई, वर्कशॉपच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांची गाडी आहे, ती पूर्ण रंगवून हवी आहे. बाई रंगावरून नख फिरवून बघतात, दाढ किडली आहे का ते बघावं तसं. त्यांच्या भावाचा भाड्याच्या गाड्यांचा ताफा आहे. बाईंना काम पसंत पडलं तर तो ताफा कायमचा आपल्या गॅरेजात येईल. नाही पडलं तर या वयात मला गाव सोडून कुणाच्या तरी हाताखाली उभं राहावं लागेल. सगळं या एका गाडीवर आहे, दादा.

यंत्र मी माझ्या शिलकीतून घेतो. त्याचा भार तुमच्यावर नको.

आपला,
धाकटा

*

माडीवरून,
९ फेब्रुवारी

चिरंजीव बंधूस आशीर्वाद.

यंत्र तू घ्यायचे नाहीस. मी घेऊन देणार आहे. वडील गेल्यापासून मी तुला उपदेशाखेरीज काही दिल्याचे मला स्मरत नाही. ही उणीव भरून निघू दे. शिवाय माझ्या आसनाखाली जे वाजणार आहे ते मीच पारखून आणावे, हे उचितही आहे.

तुझे वर्णन मी पुन्हा पुन्हा वाचले आणि मला विलक्षण आनंद झाला. श्वास आत घेणे म्हणजे पूरक, धरून ठेवणे म्हणजे कुंभक आणि सोडणे म्हणजे रेचक, हे तुला लहानपणी अंगणात बसवून मी शिकवले होते. तू नाक दाबून धरायचास आणि हसू फुटून सगळे वाया घालवायचास. तुझे हे यंत्र तेच करते. पिस्टन हा पूरक, टाकी हा कुंभक, गन हा रेचक. आता तिन्हींत श्रेष्ठ कोणता? ओढणे आणि सोडणे कोणत्याही जीवाला येते. धरून ठेवणे मात्र अभ्यासाने येते, आणि ज्याला ते साधले त्याचा गाजावाजा होत नाही. लोहाराचा भाता मोठ्याने धापा टाकतो. योग्याचे नाक हलतानाही दिसत नाही.

याच न्यायाने मी निवड करीन. जे यंत्र आतला दाब उत्तम धरते आणि बाहेर शांत राहते, ते आपले. तू निश्चिंत राहा.

तुझा,
दादा

*

खालून,
९ फेब्रुवारी, दुपार

ती. दादांस नमस्कार.

पत्र वाचलं. तुमच्या मनात आलं हेच मला पुष्कळ आहे. पण दुकानात मला बरोबर येऊ द्या. तिथे लांब उभा राहीन, मधे बोलणार नाही.

ते मान्य नसेल तर निदान एक प्रश्न पाटीवर लिहून न्या आणि दुकानदाराला दाखवा. “मिनिटाला बाहेर किती हवा देतो?” एवढाच. दाबाचा आकडा बघू नका. दाब दोन्हींत सारखाच असतो, छोट्याच्या अंगावर लिहिलेला आकडा मोठ्याच्याही अंगावर असतो, आणि तिथेच नवखा माणूस फसतो. टाकीने किती धरलं यावर माझं काम नाही. गनच्या तोंडातून किती येतं आणि येत राहतं, यावर आहे. गाडीचं छत एकदा रंगवायला घेतलं की मधे थांबता येत नाही. एक पट्टा ओला असतानाच दुसरा त्याला जाऊन भिडावा लागतो. थांबलं की सांधा दिसतो, आणि दिसला की आयुष्यभर दिसतो.

ही म्हणते, मोठ्या भाऊजींना एवढं शिकवायला जाऊ नका, राग येईल. राग मानू नका. श्वासाचं तुम्ही मला शिकवलंत, म्हणून रंगाचं एवढं मी तुम्हाला सांगतो.

आपला,
धाकटा

*

माडीवरून,
१६ फेब्रुवारी

चिरंजीव बंधूस आशीर्वाद.

यंत्र आले. तू बाजारात गेला होतास तेव्हा हातगाडीवाल्याने ते गॅरेजात उतरवले. धाकटीने त्याच्यावर चादर घातली आहे, ती तूच काढावीस.

दुकानाची हकीकत ऐक. हार्डवेअरवाला तरुण आणि बोलका आहे. मी पाटी काढली तेव्हा त्याने मला बहिरा समजून ओरडायला सुरुवात केली, म्हणून मी लिहिले, ‘ऐकू येते’. तरी तो ओरडतच राहिला. ही माणसांची गंमत आहे. मी त्याला एकेक यंत्र सुरू करायला सांगितले आणि प्रत्येकाजवळ स्टुलावर बसून माळ फिरवली. पट्ट्याचे यंत्र सुरू झाले तेव्हा मणी माझ्या बोटांत होते पण कानात नव्हते. मग हे छोटे सुरू झाले, आणि प्रत्येक मणी दोऱ्यावरून सरकताना मला स्पष्ट ऐकू आला. दुकानातली माणसे काम सोडून बघत उभी राहिली. अशी पारख त्यांनी यापूर्वी पाहिली नसावी.

दाबाचे आकडे मी मुद्दाम ताडून पाहिले. दोन्ही यंत्रांवर एकच आकडा आहे. तू म्हणतोस त्यात नवखा फसतो, परंतु ज्या दोन घटांत समान सामर्थ्य आहे त्यांतला जो शांत तो श्रेष्ठ, हा विचार मला निर्दोष वाटला. दुकानदाराशी सविस्तर विचारविनिमय झाला. त्याच्याही म्हणण्याचा निष्कर्ष असा की घरगुती गॅरेजास हे उत्तम.

पहिले काम लाभो.

तुझा,
दादा

*

खालून,
१८ फेब्रुवारी

ती. दादांस नमस्कार.

चादर काढली. यंत्र देखणं आहे. गेल्या दोन दिवसांत यंत्र सुरू केलं का, असं तुम्ही हिला पाटीवर विचारलंत. केलं होतं, वर आवाज आला नसेल. इथे खाली मलाही येत नाही.

हार्डवेअरवाला जाणता माणूस आहे, असं बाजारात म्हणतात. त्याने ‘उत्तम’ म्हटलं असेल तर मी काय बोलणार. माझ्या प्रश्नाचं त्याने उत्तर काय दिलं, ते मात्र तुमच्या पत्रात नाही.

डॉक्टरीणबाईंची गाडी काल आली. जुना रंग खरवडतो आहे. आल्या वस्तूवर काम करून बघतो. एकेक दार सुटं काढून, थांबत थांबत करीन. टाकी भरेपर्यंत बसायचं, मग गन धरायची, पुन्हा बसायचं. मोटर फार चालली तर तापून आपोआप बंद पडते, मग ती निवेपर्यंत बसायचं. बसायची सवय नाही मला, पण लागेल.

तुम्ही आठवणीने आणलंत, हे विसरणार नाही.

आपला,
धाकटा

*

माडीवरून,
१२ मार्च

चिरंजीव बंधूस आशीर्वाद.

हे पत्र केवळ समाधान कळवण्यासाठी.

खालून आता जो ध्वनी येतो तो मला प्रिय झाला आहे. थोडा वेळ गुणगुण, मग दीर्घ शांतता, पुन्हा गुणगुण. तू कामाच्या मधे बसतोस हे मला वरून समजते. पूर्वी तू बसणारा नव्हतास. जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याबाहेर असे. यंत्राने तुला थांबायला शिकवले. उद्योगी माणसाच्या हातून असा अभ्यास सहसा होत नाही, तो तुझ्या हातून अजाणता होतो आहे. त्या रिकाम्या क्षणांत नाम घेत जा. वेळ आयता मिळाला आहे.

दोन सूचना. रंगाचा दर्प जिन्याने वर येतो, तेव्हा जिन्याचे दार लावून घ्यावे. आणि काल तू कशावर तरी हातोडा मारलास व काही अपशब्दही उच्चारलास. मी मौनात आहे, बधिर नाही. घरात व्रत चालू असताना वाणीची तेवढी शुद्धी खालच्या मजल्यावरही राखली जावी.

धाकटी हल्ली चहा ठेवते आणि थांबत नाही. तिची प्रकृती बरी आहे ना?

तुझा,
दादा

*

खालून,
२ एप्रिल

दादांस,

हिची प्रकृती बरी आहे. माझीही.

दारं झाली होती. बॉनेटही बरं झालं होतं. छत राहिलं होतं. छत सुटं निघत नाही, ते एका दमात करावं लागतं, हे मी तुम्हाला लिहिलं होतं. अर्ध्यावर आलो आणि हवा बसली. गन थुंकली. धुक्याच्या जागी शिंतोडे आले, त्यात टाकीतलं पाणीही आलं. मी घासून काढलं आणि पुन्हा केलं. पुन्हा अर्ध्यावर तेच. तुम्ही हातोडा ऐकलात तो त्या दिवशीचा. गाडीवर मारला नव्हता, भिंतीवर मारला होता. तिसऱ्यांदा पंक्चरवाल्याकडून नळी ओढता येईल का बघितलं, चार घरं पार करून. त्याने हसून हाकललं नाही एवढंच.

काल बाई आल्या. छतावरून नख फिरवलं. सांध्याशी थांबलं. मला म्हणाल्या, “तुमचा हात असा नव्हता हो.” हळू म्हणाल्या, वाईट वाटेल म्हणून. गाडी घेऊन गेल्या. भावाच्या ताफ्याचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही.

मग मी हार्डवेअरवाल्याकडे गेलो, यंत्र बदलून देतोस का विचारायला. वापरलेलं आहे, म्हणाला, नाही घेता येणार. वर म्हणाला, “पण काका, मी त्या पाटीवाल्या आजोबांना दोनदा सांगितलं होतं. गाडी रंगवायला हा चालायचा नाही, रंगारी शिव्या घालील. त्यांना ऐकू आलं नसेल म्हणून त्यांच्याच पाटीवर मोठ्या अक्षरात लिहूनही दाखवलं, ‘रंगाला नको’. त्यांनी वाचलं. मान डोलावली. रुमालाने पाटी पुसली आणि खाली लिहिलं, ‘हाच’.”

तुम्ही पाटी पुसलीत, दादा.

न कळून आणला असतात तर मी जन्मात बोललो नसतो. तुम्हाला यंत्रातलं काय कळणार, असं हिला मीच समजावत होतो. हीच मला म्हणाली होती, भाऊजींना सगळं कळतं. तेव्हा मी तिच्यावर चिडलो.

तुमचं मौन या घरात कोण पाळतं माहीत आहे? दारावरची घंटा आम्ही काढली. रेडिओ कपाटात गेला. ही दारातल्या माणसाशी कुजबुजते, फोनवर कुजबुजते, मला हाक मारायची तर गॅरेजात येऊन खांद्याला हात लावते. तुमच्या वाटचं बोलणंही तीच बोलते, दूधवाल्याशी, पोस्टमनशी, तुमच्या डॉक्टरशी. तुमचा संकल्प आहे आणि आमची वाचा गेली आहे. आम्ही कधी तक्रार केली नाही. एक मोटर तेवढी मागितली होती, दिवसाउजेडी चालणारी.

धाकटा

*

माडीवरून,
१० एप्रिल

चिरंजीव बंधूस आशीर्वाद.

तुझे पत्र मी मुद्दाम काही दिवस बाजूला ठेवले. क्रोधाने लिहिलेल्याला क्रोध ओसरल्यावर उत्तर द्यावे.

विकणाऱ्याचा लाभ मोठ्या वस्तूत असतो. त्याने लहान घेऊ नका म्हटले, यात मला त्याचा स्वार्थ दिसला, म्हणून त्याच्या शब्दाला मी तेवढेच वजन दिले. पाटी पुसली, कारण तिच्यावर मला लिहायचे होते. यात कपट पाहणे तुझ्या मनाला शोभत नाही.

सांध्याविषयी म्हणशील तर मी काल सायंकाळी गॅरेजात उतरून तू रंग जमवून बघण्यासाठी रंगवलेला एक पत्रा पाहिला. मला तो सुंदर वाटला. त्या बाईंची दृष्टी दोष शोधण्यात मुरलेली आहे. तोच त्यांचा व्यवसाय. अशा एका व्यक्तीच्या नखावर तू आपले सारे भवितव्य ठेवलेस, ही चूक कोणाची?

तरीही मी मार्ग सुचवतो. संकल्प सप्टेंबरात पूर्ण होईल. त्यानंतर तुला हवे ते यंत्र मी स्वतः घेऊन देईन. ते दिवसभर धडधडले तरी एक शब्द काढणार नाही. मधले महिने चाकांत हवा भरण्यासारखी लहान कामे कर. पंक्चरवाला त्यावर संसार चालवतोच की. पाच महिन्यांचा संयम म्हणजे काही डोंगर नव्हे. ज्या व्रतात तुझ्या वहिनीची स्मृती गुंतली आहे ते अखेरच्या टप्प्यावर मोडावे, असे तुलाही वाटत नसणार.

धाकटीस सांग की ती कुजबुजते हे मला ठाऊक नव्हते. तिने मोकळेपणाने बोलावे. जिन्याचे दार लावले की मला काही ऐकू येत नाही.

तुझा,
दादा

*

खालून,
२० मे

दादांस नमस्कार.

उद्या सकाळच्या गाडीने आम्ही निघतो. हिच्या भावाने त्याच्या गावच्या एका मोठ्या वर्कशॉपात माझ्यासाठी शब्द टाकला आहे. पत्ता खाली लिहिला आहे. तिथला फोरमन पूर्वी माझ्याच वर्कशॉपात होता, गन पुसायचा. आता मी त्याला साहेब म्हणायचं. म्हणेन.

सप्टेंबरपर्यंत थांबा, असं तुम्ही लिहिलंत. ताफा दुसरीकडे गेला, बातमी गावभर गेली. माझा हात बिघडला असं लोक म्हणतात, यंत्र लहान होतं असं कुणी म्हणत नाही. मी कुणाकुणाला सांगू, आणि सांगताना कुणाचं नाव घेऊ?

कॉम्प्रेसर गॅरेजातच आहे, तुमचाच आहे. एक काम मात्र रोज करावं लागेल. टाकीच्या तळाशी पितळी चावी आहे, ती उघडून पाणी सोडून द्यायचं. हवा दाबून ठेवली की आत पाणी साचतं, बाहेरून दिसत नाही, आणि टाकी आतून गंजत जाते. न चुकता करा.

तुमची औषधं ही डब्यात वारांप्रमाणे लावून ठेवते आहे. फोन उचलून तुमच्या खोलीत कोनाड्यात ठेवला आहे. दूधवाल्याला आणि शेजारच्या शिंपीणबाईंना तुमच्या व्रताचं सांगून ठेवलं आहे. घंटा मी पुन्हा बसवली. आता दार तुम्हालाच उघडायचं आहे, तेव्हा ती लागेल.

वर यायचं होतं. ही दोनदा जिन्यापर्यंत आली आणि परत गेली. आम्ही बोलणार आणि तुम्ही पाटी शोधणार, त्यापेक्षा पत्र बरं.

पायांवर डोकं ठेवतो.

धाकटा

*

माडीवरून,
६ ऑक्टोबर

चिरंजीव बंधूस अनेक आशीर्वाद.

संकल्प पूर्ण झाला. त्या दिवशी पहाटे स्नान करून मी आसनावर बसलो आणि पहिला शब्द म्हणून देवाचे नाव घेतले. वर्षभर न वापरलेला कंठ. आवाज असा निघाला की मी दचकून मागे पाहिले, कोणी दुसराच खोलीत आला आहे असे वाटून. मागे कोणी नव्हते. या क्षणासाठी मी वर्षभर योजून ठेवले होते की नाव घेतल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून तुला हाक मारायची. मी उभा राहिलो. हाकही मारली. खालच्या खोल्यांतून ती तशीच परत वर आली.

तुम्ही गेल्यापासून माझे बरे चालले आहे. आरंभी अडचणी आल्या. तुम्ही निघालात त्याच सकाळी दूधवाल्यासाठी लिहायला पाटी उशाशी चाचपली, तर तिच्यावर धाकटी जाताना काही आकडे खरडून गेली होती. तिचा दुधाचा काही हिशेब असावा. पुसून टाकले आणि त्याला ‘अर्धा लिटर’ असे लिहून दाखवले. तो मला ओरडून म्हणाला, “अर्धा, कळलं.” शिंपीणबाई अधूनमधून डोकावतात. घंटा वाजली की मला अजून धाकटी उठेल असे वाटते.

टाकीचे पाणी मी रोज काढतो. पहिल्या दिवशी चावी उघडली तेव्हा जे तांबडे पाणी निघाले ते पाहून मला आश्चर्य वाटले. एवढे शांत यंत्र, आणि आत हे.

आता मुख्य गोष्ट. बोलता येऊ लागताच मी हार्डवेअरवाल्याकडे गेलो आणि तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत विचारला: “मिनिटाला बाहेर किती हवा देतो?” त्याने दोन्हींचे आकडे सांगितले. छोट्याचा आकडा मोठ्याच्या चौथाईही नाही. मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिलो. जन्मभर मी कुंभकाचे माहात्म्य सांगितले, आणि तुझा प्रश्न रेचकाचा होता. किती धरले ते तुला नको होते. किती देता ते तू विचारत होतास. त्या दुकानदाराने तुला जे सांगितले त्याची चर्चा आता आपण करू नये. तिने कोणाचेच भले होणार नाही.

मी पट्ट्याचे यंत्र घेतले आहे. दोन सिलिंडरचे, तू लिहिले होतेस त्याच मापाचे. खाली जाड रबर घातले आहे; आडभिंत मात्र घातली नाही. ती नको. रोज तुझ्या कामाच्या वेळी मी ते सुरू करतो, गल्लीला कळावे म्हणून की हे गॅरेज बंद पडलेले नाही. जमीन हादरते, माडीवरच्या खिडक्यांची तावदाने वाजतात आणि माळ हातात असून मला एकही मणी ऐकू येत नाही. मी तसाच बसतो. सवय होईल.

त्या डॉक्टरीणबाईंना भेटून यंत्राविषयी मी स्वतः सांगेन. गाडी पुन्हा आणा म्हणेन. तू ये. गॅरेज झाडून ठेवले आहे. पोथ्यांच्या पेट्या परत तिथे ठेवलेल्या नाहीत.

तुझी वाट पाहणारा,
दादा

*

नव्या गावाहून,
१९ ऑक्टोबर

ती. दादांस नमस्कार.

पत्र मिळालं. यंत्र चांगलं घेतलंत. फक्त रोज रिकामं चालवू नका. पट्टा झिजतो, तेल जळतं. त्याच्याही टाकीचं पाणी काढावं लागतं, चावी डाव्या अंगाला असेल.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊ नका. त्यांची गाडी दुसऱ्याने रंगवली, चांगली रंगवली असं कळलं. मी आता गन धरत नाही. इथे मला काचेच्या खोलीत रंग कालवायला बसवलं आहे. किती थेंब निळा, किती थेंब काळा ते पडद्यावर येतं, मी ओततो. बाजूच्या खोलीत मोठा कॉम्प्रेसर दिवसभर चालतो. आवाजाने आम्ही सगळे ओरडून बोलतो. हीसुद्धा आता घरी मोठ्याने बोलते. शेजारी म्हणतात, तुमच्या बायकोचा आवाज खणखणीत आहे. मला नव्यानेच कळला.

तुमचा आवाज परत आला, हे वाचलं. ही सप्टेंबर महिनाभर फोनजवळ बसत होती. भाजी निवडायची ती तिथे, शिवण टिपायची ती तिथे. मी म्हणायचो, येईल, दादा आधी आपल्यालाच करतील.

ते आकडे दुधाचे नव्हते, दादा. आमच्या इथल्या फोनचा नंबर होता. कागद हरवेल, पाटी तर भाऊजींच्या उशाशीच असते, असं म्हणून हिने निघायच्या आधी चपला हातात घेऊन, आवाज न करता वर येऊन लिहिला होता. तुम्ही झोपला होतात.

पुन्हा लिहून पाठवू का, असं मी आत्ता तिला विचारलं.  तिने नुसती मान हलवली, नको म्हणून.

आपला,
धाकटा